'धोकादायक धरण' म्हणजे नेमकं कोणतं?

एका वाचकाचा प्रश्न असा: "आमच्या गावाच्या वरच्या अंगाचं धरण सरकारी यादीत 'उच्च धोका' या वर्गात आहे. बातमीत त्याचं 'धोकादायक धरण' झालं आणि गावात घबराट पसरली. दोन्हींचा अर्थ एकच का? नसेल तर मराठीत काय म्हणावं?"

अर्थ एकच नाही. आणि घोळ 'धोका' या नामाचा नाही, 'धोकादायक' या विशेषणाचा आहे.

धरण सुरक्षेत दोन वेगळ्या गोष्टी पाहतात. हे धरण फुटलंच, तर खाली किती माणसं, घरं, रस्ते पाण्यात जातील, ही एक. भिंत, सांडवा (जादा पाणी बाहेर जाण्याची वाट), दरवाजे आणि विमोचक (धरणातून पाणी सोडायचा मार्ग) आज कोणत्या अवस्थेत आहेत, ही दुसरी. तुमच्या यादीतला 'उच्च धोका' पहिल्या गोष्टीबद्दल आहे आणि तिचा भिंतीच्या प्रकृतीशी काही संबंध नाही. ठणठणीत धरणाच्या खाली वस्ती वाढली की धरण वरच्या वर्गात जातं. भिंतीचा दगडही हललेला नसतो.

पुण्याचंच बघा. खडकवासला एकोणिसाव्या शतकातलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा तेही फुटलं, मग पुन्हा बांधलं. त्याच्या खाली अख्खं शहर आहे, त्यामुळे कितीही निगा राखली तरी पहिल्या अर्थाने ते वरच्याच वर्गात राहणार. त्याच खोऱ्यातलं टेमघर खडकवासल्यापेक्षा शंभरावर वर्षांनी लहान, पण २०१६ साली गाजलं ते भिंतीतून होणाऱ्या गळतीमुळे. सिमेंटचं ग्राउटिंग करून, म्हणजे भिंतीतल्या पोकळ्यांत सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने भरून, ती आवरावी लागली. म्हणजे 'जुनं' आणि 'खराब' हेही समानार्थी नाहीत. बातम्यांत 'जुनं, जीर्ण, धोकादायक' ही तीन विशेषणं एका दमात येतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता 'धोकादायक'. शब्दशः अर्थ धोका देणारं, निर्माण करणारं. त्या हिशेबाने बातमीदाराचं चुकलं नाही. पण वापरात या शब्दाचा अर्थ पुढच्या नामावर ठरतो. 'धोकादायक वळण', 'धोकादायक रसायन' म्हटलं की ती वस्तू मुळातच जपून हाताळायची, एवढंच कळतं. वळण बिघडलेलं आहे असं कुणी समजत नाही. उभं राहणं हेच ज्याचं काम, त्याला मात्र हे विशेषण लावलं की अर्थ पालटतो. 'धोकादायक पूल', 'धोकादायक झाड', आणि मुंबईकरांच्या ओळखीची, पावसाळ्याच्या तोंडावर पालिका जिची यादी काढते ती 'धोकादायक इमारत'. इथे अर्थ एकच: पडायला आलेली, रिकामी करा. धरण ही उभी राहणारी गोष्ट. वाचक तोच अर्थ घेणार, त्यात वाचकाचा काय दोष!

'धोका' हे नाम मात्र मराठीत बरोबर जागी वापरलं जातं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. 'पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली' ऐकून नदीला काही झालं असं कुणाला वाटत नाही. काठच्या माणसांनी सामान हलवायचं, हे शाळकरी पोरालाही कळतं. धोका काठावरच्यांना आहे. 'उच्च धोका' वर्गातला धोका नेमका हाच.

'जोखीम' चालेल का, असंही कुणी सुचवेल. शब्द सुंदर आहे. जुन्या वापरात जोखीम म्हणजे सांभाळायला दिलेली मौल्यवान चीज असाही अर्थ होता, 'प्रवासात जोखीम जवळ बाळगू नका' म्हणत ते याच अर्थाने. धरणाखालचं गाव म्हणजे अगदी अशीच जोखीम. पण अभियंत्यांनी हा शब्द आधीच उचललाय: फुटण्याची शक्यता आणि फुटल्यावरची हानी, दोन्ही धरून जे येतं ती त्यांची जोखीम. तेव्हा तो त्यांच्याकडेच राहू द्यावा. मी स्वतः 'हानिवर्ग' म्हणेन. उच्च हानिवर्गातलं धरण. घडवलेला शब्द आहे, कानाला थोडा टोचतो, पण त्यातून भिंतीला तडा गेल्याचा वास येत नाही. भिंतीसाठी साधा 'स्थिती' पुरे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय धरण नोंदवहीत हे दोन रकाने वेगळे आहेत, तरी घोटाळे टळतातच असं नाही. मिशिगनमधलं ईडनव्हिल धरण हानीच्या दृष्टीने वरच्या वर्गात आणि राज्याच्या लेखी स्थिती बरी. तरी मोठ्या पुरात सांडव्यातून पुरेसं पाणी जाणार नाही म्हणून केंद्रीय नियामकाने त्याचा वीजनिर्मितीचा परवाना २०१८ मध्येच काढून घेतला होता. १९ मे २०२० ला ते फुटलं.

आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. पाहणीत सापडलेल्या त्रुटींच्या तीन श्रेणी असतात. श्रेणी १ म्हणजे धरण फुटू शकेल इतक्या गंभीर त्रुटी, श्रेणी २ म्हणजे मोठ्या आणि लवकर दुरुस्त करायच्या, श्रेणी ३ किरकोळ. मराठी माणसाच्या डोक्यात 'एक नंबर' म्हणजे उत्तम! 'आपलं धरण पहिल्या श्रेणीत' असं ऐकून कुणी पेढे वाटले नाहीत म्हणजे मिळवली. आकडा नुसता लिहू नये, 'गंभीर त्रुटी' असं शब्दात लिहावं.

'गळती' आणि 'पाझर' यांची गल्लत तर याहून महागात पडते. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपणारच. ते गोळा करून बाहेर काढायला पायथ्याशी निचऱ्याची सोय केलेली असते. हा पाझर. 'पाझर तलाव' तर पाणी जमिनीत मुरावं म्हणूनच बांधतात. पण पाझर अचानक वाढला, नव्या जागी फुटला किंवा गढूळ झाला, की त्याला पाझर म्हणणं सोडा. पाणी गढूळ आहे याचा अर्थ ते भरावातली माती घेऊन बाहेर पडतंय, आत पोकळी होत चालली आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. गावकरी आधीपासून 'गळती' म्हणत होते. फुटल्यावर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं आणि महाराष्ट्रभर चेष्टा झाली. बिळं करणारे प्राणी मातीच्या भरावाला घातक असतात, हे खोटं नाही. पण बिळं बघायला आणि बुजवायलाच तर पाहणी असते. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी एक आणि पावसाळ्यानंतर एक अशा वर्षाला दोन पाहण्या बंधनकारक केल्या आहेत.

'ओव्हरफ्लो'बद्दल थोडक्यात. भुशी डॅम ओव्हरफ्लो झाला की लोणावळ्याला गर्दी. तिथे पाणी सांडव्यावरून जातं, त्यासाठीच तो असतो. मातीच्या भिंतीच्या माथ्यावरून पाणी गेलं तर तो ओव्हरफ्लो नव्हे, भिंत तासाभरात कापली जाऊ शकते. 'सांडव्यावरून' की 'भिंतीवरून', एवढं बातमीत यायलाच हवं.

तुमच्या गावच्या बातमीचा मथळा मी असा दिला असता: 'धरण फुटल्यास मोठ्या हानीची शक्यता, भिंतीच्या स्थितीचा अहवाल वेगळा'. लांबलाय, उपसंपादक कापेल. पण तुम्ही तहसील कार्यालयात किंवा पाटबंधारे विभागात जाल तेव्हा दोन गोष्टी वेगवेगळ्या मागा: पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीत आपल्या धरणाच्या त्रुटी कोणत्या श्रेणीत आल्या ते, आणि फुटल्यास पाणी कुठवर येईल तो नकाशा.