पेन्सिलीवर पेन गिरवला तर चालेल का?

प्रश्न : पंचेचाळिशीत चित्रकला शिकायला घेतली आहे. आमच्या बाईंनी सरळ रेषा, लंबवर्तुळं आणि खोकी यांचा सराव थेट पेनने करायला सांगितला आहे. खोडता येत नाही, पान बिघडतं, मग बसावंसंच वाटत नाही. आधी पेन्सिलने काढून वर पेन गिरवला तर चालेल का? आणि पेन कुठला घ्यावा?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, गिरवू नका. गिरवताना नजर खालच्या रेषेला चिकटते, हात मुंगीच्या पावलांनी सरकतो आणि रेष थरथरते. पुस्तकातली चित्रं, चित्रकथा पेन्सिलीवर शाई चढवून करतात हे खरं, पण ते पूर्ण चित्राचं काम. तुमचा चाललाय तो हाताचा सराव.

मी बेळगावात शहापूर भागात बरीच वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. ऑइल पेंट ओला असेपर्यंत टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसता येतो, तरी शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत ओढणारा पेंटर मी पाहिला नाही. दोन्ही टोकं नक्की करायची, ब्रश वरच्यावर एकदोनदा फिरवायचा, मग एका दमात ओढायची. तुमच्या बाई पेनने हेच करून घेताहेत. दोन ठिपके द्या, पेन कागदाला न टेकवता त्या वाटेनं फिरवा, मग ओढा. लांब रेषेला मनगट नको, हात खांद्यापासून हलू दे. वाकडी गेली? जाऊ दे की! तिच्यावर दुसरी ओढायची नाही, नाहीतर चुकलेली रेषच पानावर सगळ्यात ठसठशीत दिसते. पेन्सिलीत आपण दहा फिकट रेषा मारतो, त्यातली बरी निवडतो, उरलेल्या खोडतो. निवडायला डोळा शिकतो, हात होता तिथंच.

लंबवर्तुळासाठी तर तुम्ही योग्य गावात आहात. खानापुरी मडकं किंवा कुंडी जमिनीवर ठेवा आणि खुर्चीवर बसून बघा. काठ चपटा दिसेल, बूड नजरेपासून आणखी खाली म्हणून त्याची गोलाई जास्त. हीच कुंडी काठ डोळ्यासमोर येईल इतकी उचला, काठाची नुसती आडवी रेष होते. नवशिके हमखास बूड सपाट काढतात, मग कुंडी हवेत लटकते. सरावात दडलेली बाजूसुद्धा काढा, म्हणजे लंबवर्तुळ पुरं होतं. पेन न उचलता दोनदा फिरवा. दोन वेढे एकमेकांपासून किती सुटले ते लगेच कळतं. खोक्यांचंही तेच, मागच्या कडा काढायच्या. नंतर लाल पेनने एकाच दिशेच्या समांतर कडा मागे दूरवर वाढवून त्या एका बिंदूकडे जातात का ते तपासा.

पेन ०.५ मिमीचा फाइनलाइनर, म्हणजे फेल्टच्या बारीक टोकाचा पेन घ्या. ०.१ चं टोक नाजूक, दाबून लिहिणाऱ्याच्या हातात लवकर बसतं. बॉलपेन चालेल, पण हलक्या हातानं फिकट उमटतो आणि पेन्सिलीची जुनी खोड परत येते. शिवाय मध्येच शाईचा गोळा सोडतो. जेल पेन उशिरा वाळतो, तळव्याला लागून फरफटतो. शाईपेन घरात असेल तर खुशाल वापरा, फक्त त्यात इंडिया इंक, म्हणजे चित्रकलेची काळी शाई भरू नका. तिच्यात लाख (शेलॅक) असते, पेन चोंदतो.

कागद झेरॉक्सचा, ७५ जीएसएमचा. भारी खरखरीत ड्रॉइंग पेपर सरावाला घेऊ नका, पेनचं टोक झिजतं आणि पान बिघडण्याची भीती दुप्पट होते. मात्र तुमच्याकडचा पाऊस! जुलैत कागद दमट होतो, शाई फुटते आणि तुम्हाला वाटतं आपलाच हात बिघडला. रिम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, लागतील तेवढीच पानं बाहेर काढा. पेन्सिल टाकून देऊ नका. छायाप्रकाशाला ती लागेलच, तेव्हा खोडरबरही काढा.