कुठलं घेऊ, त्याआधी कुठे ठेवू

प्रिय बाळा,

ग्रीन कार्ड हातात आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तुझा मेसेज आला, ‘मावशी, नाइट ड्यूटी संपवून पार्किंग गराजमधून एकटी येते. एक छोटं पिस्तूल घ्यायचं म्हणते. कुठलं घेऊ?’ तुझी भीती मला कळते. ह्यूस्टनमध्ये मीही अकरा वर्षं रात्रपाळी केली. रिकाम्या गराजमध्ये मागे पावलं वाजली की छातीत काय होतं ते मला ठाऊक आहे. पण दोन ओळींत उत्तर द्यावं असा हा प्रश्न नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कायद्याचं, कारण आपल्या लोकांची गफलत इथेच होते. नोकरीचा एच-१बी किंवा शिक्षणाचा एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा साधी एक गोळीसुद्धा जवळ ठेवणं हा अमेरिकेत केंद्रीय गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असणं, असे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही, म्हणून तू घेऊ शकतेस. पण तुझा होणारा नवरा अजून एच-१बीवर आहे. एका घरात राहायला लागाल तेव्हा पिस्तुलाच्या सेफचा आकडा त्याला माहीत नसला पाहिजे. यात अविश्वासाचा प्रश्न नाही, त्याच्या हाताला ते लागू शकतं एवढंही त्याला अडचणीत आणायला पुरेसं आहे. लग्नाआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलून घे. शनिवारी मित्रांबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन हातात बंदूक घेतलेले फोटो टाकणारी व्हिसावरची आपली मुलं बघते तेव्हा माझा जीव खालीवर होतो.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, वय २१ पूर्ण असेल आणि कायद्याची दुसरी आडकाठी नसेल, तर परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येतं. तरीही तू लायसन्स काढच. त्या निमित्ताने चार-सहा तास वर्गात बसून कायदा ऐकशील, आणि बऱ्याच राज्यांत ते लायसन्स चालतं. न्यू जर्सीत मात्र चालत नाही, तेव्हा एडिसनला मैत्रिणीकडे जाताना पिस्तूल घरीच. परीक्षेत ५० गोळ्या असतात: तीन यार्डांवरून २०, सातवरून २०, पंधरावरून १०. २५०पैकी १७५ गुण मिळाले की पास. माझ्याकडे नेमबाजी शिकलेली बहुतेक माणसं पहिल्याच खेपेला पास होतात. त्यांतली थोडीच पिस्तूल जवळ बाळगण्याइतकी तयार असतात.

आता माझा प्रश्न. दिवसाचे चोवीस तास ते पिस्तूल कुठे असेल?

तुझ्या हॉस्पिटलात ते आत नेता येणार नाही. कुलूपबंद गाडीत ठेवायला टेक्सासचा २०११चा कायदा नोकरदारांना मुभा देतो. पण मग बारा तास ते गाडीत पडणार. गाड्या फोडून नेलेली पिस्तुलं पुढे कुणावर तरी रोखली जातात. म्हणजे सीटच्या चौकटीला जाड तारेने बांधलेली पोलादी पेटी हवी. आणि तुझी भीती कुठली आहे? हॉस्पिटलच्या दारापासून गाडीपर्यंतची. त्या दीडशे पावलांत पिस्तूल तुझ्याजवळ नसेलच. त्या वाटेसाठी सिक्युरिटीला फोन करून सोबत माग. बहुतेक मोठी हॉस्पिटलं ती देतात, आपल्या मुली संकोचाने मागत नाहीत. पेपर स्प्रेचा छोटा डबा टेक्सासमध्ये चालतो, पण कामाच्या ठिकाणी नेता येईल का ते विचारून घे. मोबाइल खिशात, मान वर. एवढं करूनही गाडीपासून घरापर्यंतच्या वाटेसाठी पिस्तूल हवंच वाटलं, तर पुढे वाच.

पर्समध्ये ठेवायचं मनातून काढून टाक. २०१४च्या डिसेंबरात आयडाहो राज्यात एक आई मुलांना घेऊन खरेदीला गेली होती. पिस्तुलासाठी मुद्दाम बनवलेली पर्स होती, चेनवाला वेगळा कप्पा होता. तिच्या दोन वर्षांच्या मुलाने तो उघडला, गोळी सुटली, आणि ती तिथेच गेली. हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते, आणि दर वेळी सांगताना मला थांबावं लागतं. पर्स आपण खुर्चीला अडकवतो, ट्रॉलीत ठेवतो, चोर पहिली तीच ओढतो. पिस्तूल अंगावर हवं, ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात. ड्यूटीच्या ढगळ कपड्यांच्या, स्क्रब्जच्या, नाडीवर होल्स्टर लोंबतं. त्यासाठी पोटावर बांधायचा रुंद पट्टा मिळतो, पण ट्रिगरवर कडक कवच असलेलाच घे. कुर्ता घालशील त्या दिवशी तो वर करून हात पोचतो का, ते रिकाम्या पिस्तुलाने घरी करून बघ.

आता ‘कुठलं’. ‘छोटं’ हा शब्द तू सहज लिहिलास, पण हातात छोटं म्हणजे सोपं नव्हे. पिस्तूल जितकं हलकं तितका झटका जास्त, आणि नळी आखूड असली की नेमातली बारीकशी चूकही मोठी होते. दुकानदार बायकांना पाच गोळ्यांचं हलकं रिव्हॉल्व्हर दाखवतात, म्हणे वापरायला सोपं. त्याचा ट्रिगर जड आणि लांब असतो. ते मुरलेल्या हाताचं हत्यार आहे. तू नऊ मिलिमीटर गोळीचं घे. १९८६मध्ये मायामीत एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेची दोन माणसं चकमकीत गेली, त्यानंतर त्यांनी जास्त ताकदीच्या गोळ्या आणल्या. तीस वर्षांनी फिरून नऊवरच आले, कारण गोळी सुधारली होती आणि तिने माणसाचा नेम जास्त लागतो. २०१८मध्ये सिग कंपनीचं पी३६५ आलं तेव्हापासून छोट्या पिस्तुलातही दहा गोळ्या बसतात. ग्लॉक १९ त्याहून मोठं, लपवायला अवघड, शिकायला उत्तम. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढवत नसेल तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी बघ. आधी स्लाइड ओढायची रीत मात्र शीक: एका हाताने मागे ओढताना दुसऱ्याने पिस्तूल पुढे ढकलायचं. जोर लागत नाही. विकत घेण्याआधी रेंजवर तिन्ही भाड्याने चालवून बघ. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर नीट बसतं का, नळी हाताच्या रेषेत राहते का, एवढं पाहिलंस तरी अर्धं काम झालं.

मी पहिल्यांदा बंदूक धरली ती कॉलेजात, एनसीसीची पॉइंट टू टू रायफल. तिथल्या उस्तादांनी लावलेली शिस्त आणि पुढे इथे शिकलेले अमेरिकी नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर यांचे चार नियम यांत मला काहीच फरक दिसला नाही. प्रत्येक बंदूक भरलेली समजायची. जे उद्ध्वस्त करायचं नाही त्यावर नळी रोखायची नाही. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. आणि निशाण्याच्या मागे काय आहे ते माहीत हवं. अपार्टमेंटच्या भिंती ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समच्या पातळ पत्र्यांच्या असतात, गोळी शेजारच्या पाळण्यापर्यंत जाते.

सराव गोळ्यांच्या खोक्यावर मोजू नकोस. आठवड्यातून तीनदा, दहा मिनिटं, रिकाम्या पिस्तुलाने. गोळ्या दुसऱ्या खोलीत. चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळी बसायची जागा, डोळ्यांनी बघ, मग बोट घालून बघ, मग परत बघ. समोर विटांची भिंत असू दे. ट्रिगर असा दाब की पुढची साइट, नळीच्या टोकावरची नेमाची खूण, तसूभरही हलणार नाही. थांबलीस की मोठ्याने म्हण, ‘सराव संपला’, आणि लगेच ते जागेवर ठेव. या सरावातले अपघात पुष्कळदा ‘अजून एकदाच’ म्हणताना होतात, तेव्हा पिस्तूल परत भरलेलं असतं. महिन्यातून दोनदा रेंजवर ५० गोळ्या पुष्कळ झाल्या. मॅगझिनमध्ये, गोळ्यांच्या पेटीत, मध्येच एखादी खोटी गोळी घालायला मला सांग. ती आली की नळी खाली झुकेल, आणि आपण आवाजाआधीच दचकतो हे तुला दिसेल. सात यार्डांवर कागदी ताट लाव, सावकाश मार. पाचही गोळ्या ताटात बसू लागल्या की मग वेगाचं बोलू.

कुणी पर्स मागितली तर पर्स दे, गाडी मागितली तर गाडी. मालमत्ता वाचवायला गोळी चालवण्याबाबत टेक्सासचा कायदा इतर राज्यांहून सैल आहे. तू त्या सैलपणाच्या भरवशावर राहू नकोस. जिवावर किंवा अब्रूवर बेतलं आणि पळायला वाटच नाही, तेव्हाच ते बाहेर काढायचं.

एक अवघड गोष्ट राहिली. २०२१ साली अमेरिकेत ४८,८३० माणसं बंदुकीने मेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. सलग नाइट ड्यूट्या, आई-बाबा हजारो मैलांवर, हे दिवस मी काढले आहेत. कधी मन काळोखात गेलं तर कारण सांगू नकोस, फक्त ‘मावशी, पिस्तूल घेऊन जा’ एवढा मेसेज टाक. मी रात्री दोन वाजताही येईन आणि एकही प्रश्न विचारणार नाही.

आणि रेंजची बॅग कधीही प्रवासाला वापरू नकोस. २०२३मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर हातातल्या सामानात ६,७३७ बंदुका सापडल्या, बहुतेक भरलेल्या. भारतात तर कप्प्यात विसरलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली कोठडी दाखवू शकतं. मी स्वतः पुण्याला निघण्याच्या आदल्या रात्री बॅगेच्या अस्तरात एक काडतूस हाताला लागलेलं पाहिलं आहे. त्या दिवसापासून माझी रेंजची बॅग लाल आहे आणि ती गराजच्या बाहेर जाते ती फक्त रेंजवर.

शनिवारी सकाळी नऊला ये. अजून काही विकत घेऊ नकोस. बंद बूट घाल आणि गळ्यालगतचा टी-शर्ट, कारण उडालेलं गरम टरफल गळ्यातून आत गेलं की हातातल्या पिस्तुलाचं भान सुटतं. कानांसाठी माझ्याकडे जास्तीचे मफ्स आहेत. घरी गेल्यावर काही खाण्याआधी हात साबणाने स्वच्छ धू, शिसं असतं.

तुझी,
मावशी