जीवशास्त्रातील पीएच.डी.च्या क्वालिफाइंग परीक्षेची तयारी कशी करावी?

अमेरिकेत पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी होणारी क्वालिफाइंग परीक्षा तीन महिन्यांवर आली असताना पाठ्यपुस्तके पहिल्यापासून वाचून काढावीत का, असे आपण विचारले आहे. मी ही परीक्षा तिथेच पेशीजीवशास्त्रात दिली असून माझे उत्तर ‘नाही’ असे आहे.

अनेक विभागांत एनआयएच या आरोग्य-संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या अर्जांच्या धर्तीवर संशोधन-प्रस्ताव लिहून समितीपुढे फळ्याजवळ उभे राहून तोंडी परीक्षा द्यावी लागते. तपशील विभागागणिक बदलतात, म्हणून आपली नियमावली आधी वाचा.

परीक्षकांना मुख्यतः पाहायचे असते ते हे, की प्रयोगाचा निकाल वेगळा आला तर आपण काय अनुमान काढाल. डीएनएची प्रत कशी तयार होते हे दाखवणारा १९५८ सालचा मेसेल्सन आणि स्टाल यांचा प्रयोग या दृष्टीने पुन्हा वाचा. जड नायट्रोजनात वाढवलेले ई. कोलाय जिवाणू हलक्या नायट्रोजनात आणल्यावर एका पिढीनंतर डीएनएचा मधल्या घनतेचा एकच पट्टा दिसला, त्यामुळे जुने दोन्ही धागे एकत्रच राहतात ही कल्पना बाद झाली. परंतु प्रत्येक धाग्यात जुने-नवे तुकडे मिसळतात ही शक्यता उरलीच होती आणि दुसऱ्या पिढीत मधला व हलका असे दोन पट्टे दिसले तेव्हाच ती मागे पडली. आपल्या प्रस्तावातील प्रत्येक प्रयोगापुढे कोणता निकाल काय बाद करतो आणि काय शिल्लक ठेवतो, हे असेच लिहून काढा. ज्या प्रयोगापुढे ते लिहिता येत नाही, तो प्रस्तावातून वगळावा, असे माझे ठाम मत आहे.

माझ्या सराव परीक्षेत एका ज्येष्ठ विद्यार्थिनीने माझ्या वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे नमुन्यातील विशिष्ट प्रथिन ओळखून मोजण्याच्या चाचणीवर, नेमके बोट ठेवले. मी अ‍ॅक्टिन हे पेशीच्या सांगाड्यातील प्रथिन लोडिंग कंट्रोल, म्हणजे प्रत्येक नमुन्यात सारखेच प्रथिन घेतले आहे ना हे तपासण्याचे स्थिर माप, धरले होते आणि औषध मात्र अ‍ॅक्टिनचेच तंतू मोडणारे होते. पेशीतील सुट्या अ‍ॅक्टिनचे प्रमाण बदलले की अ‍ॅक्टिनच्या जनुकाची अभिव्यक्तीही बदलू शकते, म्हणजे मी ज्या मापाने मोजणार होतो ते मापच स्थिर नव्हते. मी त्याऐवजी एकूण प्रथिनांचे रंजन वापरायचे ठरवले.

ही दुरुस्ती मला करता आली, कारण प्रस्ताव अजून माझ्याच हातात होता. म्हणून पहिली सराव परीक्षा प्रस्ताव सादर करण्याआधीच ठेवा, तिला दुसऱ्या प्रयोगशाळांतील माणसे बोलवा आणि पाठ्यपुस्तकांची तेवढीच प्रकरणे वाचा, जिथे त्यांच्या प्रश्नांनी आपल्याला अडवले असेल.