सैद्धांतिक भौतिकशास्त्र करायचंय?

साताऱ्यात बीएस्सीला आहेस आणि सैद्धांतिक भौतिकशास्त्रच करायचं म्हणतेस, तर आधी गणिताची भीती घालव. रेषीय बीजगणित, विकलक समीकरणं रोज कागदावर सोडव. नुसत्या वाचनाने काही हाती लागत नाही. पुंजयांत्रिकीकडे (क्वांटम मेकॅनिक्स) लगेच धावू नकोस. तिथला हॅमिल्टोनियन, म्हणजे ढोबळमानाने एकूण ऊर्जेची मांडणी, अभिजात यांत्रिकीतूनच (क्लासिकल मेकॅनिक्स) आलाय, तो आधी तिथे पक्का कर.

पुढच्या परीक्षा अशा: एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम, पीएचडीसाठी जेस्ट किंवा नेट.

घरच्यांना मात्र आत्ताच स्पष्ट सांग: पीएचडीला पाच-सहा वर्षं, पुढे एक-दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची कामं), मग कायमची नोकरी, तीही बहुधा गावापासून लांब. माझ्या मते हे लपवणं सगळ्यात वाईट.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९८८ साली उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था पुण्यातच आहे. सुट्टीत एसटीने जा, तिथली व्याख्यानं ऐक, प्रश्न विचार.