सही घेण्याची घाई करू नका

प्रश्न : माझे मिस्टर (वय ५१) राज्य सरकारी कार्यालयात शिपाई आहेत. बरीच वर्षं दारू होती. चार महिन्यांपूर्वी तोल जायला लागला, बोलणं भरकटलं. रुग्णालयात ‘वर्निके-कोर्साकॉफ’ निदान झालं. आता दारू बंद आहे, पण सकाळचं दुपारी आठवत नाही. ऑफिस म्हणतं, स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही आणा. दीर म्हणतात, बँकेसाठी मुखत्यारपत्र करून घ्या. काय करू?
– एक वाचक, भायखळा

उत्तर : ताई, दोन्ही कागदांवर सही घेऊ नका.

या आजारात ‘ब-१’ जीवनसत्त्वाच्या, म्हणजे थायमिनच्या कमतरतेमुळे मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागांना इजा होते. माणूस गप्पा नीट मारतो. आठवत नाही तिथे मनानेच काहीतरी भरून ठामपणे सांगतो. ते खोटं बोलणं नव्हे, आजाराचंच लक्षण आहे. म्हणूनच साहेबांना, नोटरीला तो ठणठणीत वाटतो. पण करार कायद्याच्या कलम १२ नुसार व्यवहार समजून घेऊन त्यात आपलं हित कशात, हे ठरवता यायला हवं. ती क्षमता नसताना केलेलं मुखत्यारपत्र कायद्यापुढे टिकत नाही. आधी केलेलं असलं, तरी देणाऱ्याची ही क्षमता गेली की त्याच कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे ते संपतं. त्यांच्या नावाने तुम्ही सही करणं तर अजिबात नको.

आता नोकरी. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं कलम २०(४) सांगतं की सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढायचं नाही, पदावनतही करायचं नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद. तेही नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पद, म्हणजे मंजूर पदांखेरीज खास त्यांच्यासाठी निर्माण केलेलं जादा पद. याच कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीचा गंभीर बिघाड येतो. ‘दारूमुळे झालं, मग हक्क कसला?’ असं कुणी म्हणालं तर त्यांना कलम दाखवा. त्यात कारणाची अट नाही. मात्र विनापरवानगी गैरहजेरीची चौकशी वेगळी लागू शकते, म्हणून वैद्यकीय रजेचा अर्ज आजच द्या.

सगळं अडतं ते डॉक्टरांच्या कागदावर. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडून लिहून घ्या : निदान कधी झालं, स्मृतीच्या चाचणीत काय आढळलं, पैशाचा व्यवहार समजून लक्षात ठेवता येतो का, पुन्हा तपासणी कधी. दारू बंद राहिली आणि उपचार चालू राहिले तर काही रुग्णांत काही महिन्यांत सुधारणा होते, म्हणून ही शेवटची ओळ विसरू नका. सोबत यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

हे जोडून कार्यालयाला कलम २०(४) खाली पत्र द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. ऐकलं नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. सेवेतून काढलंच तर मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण.

बँकेत खातं दोघांच्या नावावर आणि ‘दोघांपैकी कुणीही’ अशा सूचनेचं असेल, तर ते तुम्हाला चालवता येतं; आधी पासबुक पाहा. एकट्याचं असेल तर उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली पालक नेमण्याची याचिका करावी लागेल. तिला वैद्यकीय कागद, मालमत्तेची यादी आणि सज्ञान मुलांची व दिरांची ना-हरकत शपथपत्रं जोडा. दीर आज मदतीला उभे आहेत, तेव्हा शपथपत्र आत्ताच मागा. वकिलाच्या फीची काळजी नको : स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सेवा मिळते, हेल्पलाइन १५१००.