बायपासचा प्लॉट आणि घरपट्टीचं बिल

जळगाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पप्पांचा फोन आला होता. केळीचे पैसे हातात आहेत, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तुझ्या नावाने प्लॉट घेऊन टाकायचा असं त्यांनी मनात पक्कं केलंय. तू बायपासकडचा ले-आऊट पाहून आलास आणि एजंटाने दोन दिवसांत बयाणा मागितला, हेही त्यांनी सांगितलं. घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण महापालिकेच्या करविभागात नोकरीची सगळी वर्षं गेली माझी, लोकांच्या मिळकती मी त्यांच्या बिलातून ओळखतो. म्हणून हे पत्र.

आपल्याकडे भाव कसा ठरतो ते आधी बघ. पुण्यात कंपनी आली की भाडेकरू येतो आणि भाड्यामागे भाव चढतो. इथे तसं फारसं होत नाही. इथे कापसाला, केळीला दर मिळाला की पैसा येतो. तो थोडा सोन्यात जातो, बाकीचा प्लॉटमध्ये. पुण्या-मुंबईला नोकरी करणारी पोरंही गावाकडे काहीतरी असावं म्हणून एखादा तुकडा घेऊन ठेवतात. त्यामुळे विकणारे बरेच, घेणारे बरेच, राहणारे मात्र थोडे. संध्याकाळी त्या ले-आऊटमध्ये जा आणि किती घरांत दिवा लागतो ते मोज. वीस वर्षांपूर्वी पाडलेले आणि आजही बाभळीच असलेले ले-आऊट मी तुला दाखवू शकतो.

दुसरं, रस्त्याची बातमी. पाळधी ते तरसोद बायपासच्या नावावर काम सुरू व्हायच्या आधीपासून प्लॉट विकले गेले. धुळ्याकडे तेच दिल्ली–मुंबई इंडस्ट्रियल कॉरिडॉरच्या नावावर झालं, आणि आता मनमाड–इंदूर रेल्वेच्या नावावर चाललंय. त्या रेल्वेला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली हे खरं आहे. 309 किलोमीटर, 18,036 कोटी. पण मंजुरीच्या दिवशीच भाव वाढून बसतो, गाडी धावायला वर्षं लागतात आणि मधल्या काळाचं व्याज तू भरतोस. बातमी पेपरात आल्यावर जो घेतो, त्याच्या आधी नफा काढून घेतलेले दोन जण असतातच.

भावाची परीक्षा मी भाड्यावर करतो. समज, 30 लाखांचा ब्लॉक महिन्याला 9,000 रुपये भाड्याने जातो. वर्षाचे झाले 1,08,000, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. त्यातून घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स, एखाद-दोन महिने रिकामा राहिला तर ते, असं सगळं वजा कर. मोकळ्या प्लॉटला तर भाडंच नाही, आणि घरपट्टी मात्र आहे. मोकळ्या जागेलाही मालमत्ता कर लागतो, हे अर्ध्या लोकांना नोटीस आल्यावर कळतं.

सरकारी व्हॅल्युएशन म्हणजे रेडी रेकनरचा दर. 1 एप्रिल 2025 ला तो वाढला, मुंबई सोडून राज्यातल्या महापालिका क्षेत्रांत सरासरी 5.95 टक्के. मुद्रांक शुल्क या दरावर किंवा करारातल्या किमतीवर, जे जास्त असेल त्यावर. जळगाव-धुळ्यात ते 6 टक्के धर, शिवाय नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30,000. बाईच्या नावावर घर घेतलं तर एक टक्का सूट आहे, पण ती राहत्या घराला, मोकळ्या प्लॉटला नाही. एजंट ही सूट प्लॉटच्या हिशोबात खुशाल धरतात, म्हणून सांगतो.

आता माझ्या खात्याचा विषय, इथे जरा सावकाश वाच. विकणाऱ्याकडून घरपट्टीचं चालू बिल माग, नुसती पावती नको. बिलात करयोग्य मूल्य लिहिलेलं असतं. तुझी मिळकत वर्षाला किती भाड्याने जाईल याचा पालिकेने धरलेला आकडा, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा. आकडा 24,000 असेल तर करयोग्य मूल्य 21,600. त्यावर सर्वसाधारण कर, पाण्याचे, मलनिस्सारणाचे, अग्निशमनाचे, वृक्षाचे कर आणि सरकारचा शिक्षण कर बसतो. दर प्रत्येक पालिकेचे वेगळे. समज सगळे मिळून 40 टक्के झाले, तर 8,640 रुपये.

पण मला बिलात रकमेपेक्षा बाकीच्या ओळी जास्त बोलतात. रोजगार हमी कराची ओळ दिसली की समजायचं, मिळकतीचा काही भाग तरी बिगरनिवासी म्हणून नोंदलेला आहे, कारण राहत्या घराला तो कर लागत नाही. मालकाने कधीकाळी पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकलेली असते आणि गिरणी गेली तरी नोंद तशीच राहते. भोगवटादाराच्या, म्हणजे प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या, रकान्यात दुसरंच नाव असेल तर तो भाडेकरू आहे की भाऊ, ते आधी विचार. अवैध बांधकामाची शास्ती, म्हणजे दंड, लागलेली असेल तर ती कराच्या दुप्पट असू शकते, आणि ती भरल्याने बांधकाम कायदेशीर होत नाही. बिलावरचं क्षेत्रफळ आणि डोळ्यांना दिसणारं घर यांत एका मजल्याचा फरक असेल तर पुढच्या मोजणीत बिल वाढणार आणि ते तुझ्या नावाने येणार.

थकबाकी सगळ्यात महत्त्वाची. घरपट्टीचा बोजा माणसावर नसतो, मिळकतीवर असतो. थकलेल्या रकमेवर महिन्याला 2 टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला 24. दहा वर्षं न भरलेलं घर स्वस्तात मिळालं म्हणून आनंदाने घेणारे लोक मी काउंटरवर पाहिलेत. मार्चमध्ये अभय योजना आली की शास्ती माफ होते, तेव्हा भरू, असं विकणारा सांगेल. योजना दर वर्षी येईलच असं नाही, आणि मूळ कर तर माफ होत नाहीच. खरेदीखताच्या आधी बेबाकी दाखला, म्हणजे काही थकलेलं नाही याचा कागद, घे. आणि खरेदी झाल्यावर तीन महिन्यांच्या आत महापालिकेला लेखी कळवून नाव लावून घे. ही जबाबदारी विकणारा आणि घेणारा, दोघांची आहे. निम्मं शहर आजोबांच्या नावाने कर भरतं आणि मग वाटणीच्या वेळी वकिलाकडे पळतं.

एक गोष्ट मात्र पक्की धर: घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा नाही. ग्रामपंचायतीचा नमुना 8 सुद्धा नाही. ते कर कोणाकडून घ्यायचा याचं रजिस्टर आहे. मालकी सातबारा, फेरफार, सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका आणि नोंदणी झालेलं खरेदीखत यांच्यातून बघायची.

तुला दाखवलेला प्लॉट महापालिका हद्दीच्या बाहेर आहे ना? एजंट म्हणाला असेल, ग्रामपंचायत आहे, घरपट्टी नावापुरती. आज आहे. धुळ्यात 2018 मध्ये वलवाडी, अवधान, मोराणे अशी गावं महापालिकेत आली, त्या लोकांना विचार. हद्दीत आल्यावर कर टप्प्याटप्प्याने वाढवायची तरतूद कायद्यात आहे, पण तो वाढतोच. गटारी आणि नळ मात्र त्याच वेगाने येत नाहीत. म्हणून हद्दीलगतच्या जागेचा हिशोब करताना मी शहराचाच कर धरतो आणि सोयी गावच्याच धरतो.

बिनशेती आदेश आणि मंजूर ले-आऊटचा नकाशा स्वतः बघ. शेताचे गुंठे पाडून विकलेली जागा असेल तर तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे आणि गुंठेवारी नियमित करायचा 2001 पासून. नियमित होतात अशा जागा, पण तोवर बँक कर्ज देत नाही आणि बांधकाम परवानगी मिळत नाही. ले-आऊट 500 चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर महारेराचा, म्हणजे अशा प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर माग. नोंदणीकृत करार न करता 10 टक्क्यांहून जास्त रक्कम ले-आऊट विकणाऱ्याला घेता येत नाही. अर्धे दोन नंबरचे द्या म्हणाला तर उठून ये. जमिनीच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला मनाई आहे. शिवाय उद्या तू विकशील तेव्हा तुझी खरेदी कागदावर कमी दिसेल आणि नफ्यावरचा कर तुलाच जास्त बसेल.

जमिनीचंही बघ. तो पट्टा काळ्या मातीचा आहे. पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात भेगा पडतात. पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो, आणि तो किती फुटांवर आहे ते शेजारी बांधलेल्यालाच माहीत असतं. स्वस्त प्लॉटची बचत पायातच जाते बऱ्याचदा. पाणी कुठून येतं, किती दिवसांआड येतं, बोअर किती फुटांवर लागला, हे बायकांना विचार. पुरुष खोटं नाही बोलत, त्यांना माहीत नसतं.

माझं मत विचारशील तर, राहण्यासाठी घ्यायचं असेल तर महाबळ, गणेश कॉलनी, रामानंदनगर अशा वस्तीतलं जुनं रो हाऊस किंवा छोटं घर शोध. भाव चढा वाटेल. पण रस्ता, वीज, शाळा, रिक्षा आज तिथे आहेत, बँक बिनबोभाट कर्ज देते आणि आई एकटी असली तरी काळजी नाही. गुंतवणूक म्हणून प्लॉट, हा तुझ्या पगाराच्या माणसाचा धंदा नाही. ज्याच्याकडे दहा वर्षं विसरून जाता येतील असे पैसे आहेत, त्याने करावा. पप्पांना हे पटणार नाही. त्यांना जमीनच खरी वाटते, आणि शेतकऱ्याला ती तशी वाटणारच. त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांना त्या घरी घेऊन जा, ओट्यावर बसव, नळ सोडून दाखव.

मुहूर्त जाईल म्हणून एजंट घाई करेल. आपल्या अहिराणीत विचार त्याला, प्लॉट काय पयी जास का? (पळून जातोय का?)

सध्या एवढं कर: त्या जागेचा गट नंबर, सातबारा, बिनशेती आदेशाची प्रत आणि घरपट्टीचं किंवा ग्रामपंचायतीचं बिल, चारही फोटो काढून मला पाठव. मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च काढायला वकील मी सांगतो. त्याचा रिपोर्ट येईपर्यंत बयाण्याचा एक रुपयासुद्धा देऊ नकोस, आणि पप्पांनी आधीच दिला असेल तर पावती कोणाच्या सहीची आहे ते आजच बघून कळव.

तुझे,
नाना