काळ्या जमिनीवर कलावंतांचे निवासी स्टुडिओ

प्रश्न : हिंगणघाट तालुक्यात आमची तीन एकर काळी जमीन आहे. मी निवृत्त चित्रकला शिक्षक असून, चित्रकार-शिल्पकारांना काही आठवडे राहून काम करता यावे यासाठी तेथे चार स्टुडिओ, निवासाच्या खोल्या व एक लहान कलादालन बांधावे, असा मानस आहे. स्टुडिओ धुऱ्यावरच्या जुन्या कडुनिंबाखाली घ्यावेत, उत्तरेला मोठ्या खिडक्या ठेवाव्यात आणि सर्वत्र कूलर बसवावेत, असे वाटते. हे योग्य होईल काय?
– एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : आपल्या तीन कल्पनांपैकी उत्तरेच्या खिडक्यांची कल्पना चांगली, तर कडुनिंबाची सर्वांत धोक्याची आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात झाडाची मुळे एका बाजूचा ओलावा शोषून घेत असल्याने पाया सर्वत्र सारखा बसत नाही आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंतीला तिरपी चीर जाते. म्हणून झाड जेवढे उंच, निदान तेवढ्या अंतरावर बांधकाम घ्यावे आणि सावलीत ओटा बांधावा. दगड फोडणाऱ्या शिल्पकाराला तोच अधिक सोयीचा होईल. नकाशा काढण्यापूर्वी खड्डा घेऊन मुरूम किती खोल लागतो ते पाहावे. तो फार खोल असल्यास रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच जमिनींसाठी विकसित केलेल्या, तळाशी फुगीर असणाऱ्या, जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांचा (अंडर-रीम्ड पाइल) पाया अभियंत्याकडून आखून घ्यावा. येथे काटकसर करू नये. रंग आणि फरशी नंतरही करता येते.

उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो हे खरे, पण आपल्या अक्षांशावर मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळची तिरपी उन्हे तर त्याच्या कितीतरी आधीपासून या खिडक्यांतून थेट कॅनव्हासवर येतात. त्यासाठी खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभ्या पडद्या, म्हणजे पातळ आडभिंती, बांधाव्यात. पश्चिमेला खिडकी नकोच. तिकडे जाड भिंत आणि खोल पडवी असावी. सेवाग्रामची बापू कुटी माती, बांबू आणि कवेलूंची आहे; तिच्या उतरत्या छपराखालच्या पडव्या आपल्या वास्तुविशारदासोबत एकदा भर दुपारी पाहून याव्यात.

स्टुडिओत कूलर खुशाल लावावा, कलादालनात मात्र मुळीच लावू नये. तो हवेत ओलावा सोडतो. त्याने कागद लहरतो आणि बुरशी धरते. दालन लहान, जाड भिंतींचे व खिडक्यांविना ठेवून तेवढ्यापुरता एसी घ्यावा. जलरंग व कागदावरील कामांवर प्रकाश सुमारे ५० लक्सच (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) असावा, तैलरंगांना २०० पर्यंत चालतो. मातीकामाची भट्टी पूर्वेच्या टोकाला, गुरांचा कोठा व कडब्याच्या गंजीपासून दूर घ्यावी, कारण उन्हाळ्यातला गरम वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. अकृषक (बिगरशेती) वापराच्या नियमांची चौकशी मात्र खड्डा घेण्याच्याही आधी तलाठ्याकडे करावी.